घडणावळ वजा

सोनाराकडे जुना दागिना मोडायला नेला की तो घडणावळ वजा करतो. गाडी विकायला काढली तेव्हा कळलं, इथे मेलबर्नमध्ये घडणावळ तर वजा होतेच, वर दागिना आपणच वितळवून न्यायचा.

गाडी सुबारू इम्प्रेझा एसटीआय, २००६ ची. निळी, सोनेरी चाकांची. १९९५ साली कॉलिन मॅक्रे निळ्या इम्प्रेझातून जागतिक रॅली विजेता झाला, तेव्हापासून हा रंग आमच्यासारख्यांच्या डोक्यात बसलाय. जपानीत सुबारू म्हणजे कृत्तिका. बिल्ल्यावर सहा तारेही आहेत. आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाली, "मग कार्तिकस्वामीसारखी तापट असणार." होतीच.

इथे व्हिक्टोरिया राज्यात नोंदणीसकट गाडी विकायची तर विकणाऱ्यानं रोडवर्दी सर्टिफिकेट, म्हणजे गाडी रस्त्यावर आणण्याजोगी असल्याचा दाखला द्यायचा, तोही तीस दिवसांच्या आतला. मेकॅनिकनं खाली वाकून मी केलेले फेरफार एकदाच पाहिले आणि नकारार्थी मान हलवली. मग जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेला कंपनीचा सायलेन्सर निघाला. दोन शनिवार-रविवार जॅकखाली गेले. गाडी खाली बसवणारे कॉइलओव्हर उतरले, मूळ स्प्रिंगा चढल्या, गाडी दोन बोटं उंच झाली. फुस्स करणारा व्हॉल्व्हही गेला. बॉक्सर इंजिनाचा अडखळता घुमारा तेवढा उरला, तोही दार लावून कुणी तबल्यावर बसावं तसा.

"लग्नाआधी तूही असाच होतास," बायको म्हणाली. म्हणजे नेमका कसा, ते विचारलं नाही.

काढलेलं सामान सुटं विकलं, ते घासाघीस न होता दोन दिवसांत गेलं. गाडीला मात्र गिऱ्हाईक कमी, बघेच फार. फोन उचलताच "शेवटचा भाव बोल". एक पोरगा आईला घेऊन आला. वजनाच्या मानानं इतकी ताकद असलेली गाडी प्रोबेशनरी, म्हणजे नवशिक्यांच्या लायसनवर चालवायला इथे बंदी आहे, हे माऊलीला माहीत नव्हतं, त्याला होतं. माझ्याकडे त्यानं असं पाहिलं की मी गप्प बसावं. मी सांगितलं. परत जाताना त्यानं चाकाला हात लावला.

घेणारा निघाला जीलाँगचा, पन्नाशीचा. फोनवर एकच अट: "मी येईपर्यंत इंजिन चालू करू नकोस." आल्या आल्या, तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा बॉनेटवर तळवा ठेवला. थंड. मग कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरांतला दाब मोजल्याचा कागद मागितला. या इंजिनात पिस्टनच्या रिंगांमधली कड तडकते, हा जुनाच रोग. चारही सिलिंडरांचे आकडे जवळपास सारखे दिसल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. तुझे कॉइलओव्हर कुठायत, त्यानं विचारलं. विकले म्हटल्यावर चुकचुकला. "मला तेच हवे होते."

रात्री चहाचा डबा शोधताना ड्रॉवरमध्ये चाकांच्या लॉक-नटाची किल्ली सापडली. फोन केला. म्हणाला, पोस्टानं पाठव.

मी म्हटलं, नको, शनिवारी मीच आणून देतो.