कुंपणाच्या आत कोण?

रानडुकरांनी गेल्या आठवड्यात एका रात्रीत रताळ्याचे चार वरंबे उकरून टाकले. झटक्याची तार ओढायची ठरली, म्हणून आबा, मी आणि माझी भाची दोरी घेऊन वरच्या शेतात गेलो.

गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, 1089 चौरस फूट. जुनी मोजणीची साखळीही 33 फुटांचीच. गुंठ्याचा घेर भरतो 132 फूट. तेवढी दोरी तोडून मी भाचीला म्हटलं, "एवढ्यात जास्तीत जास्त जमीन घे बघू." तिने आधी लांबडी आखली, 44 बाय 22. भरली 968. उलट कमीच! मग मधोमध पहार रोवून आम्ही 21 फुटांवरनं गोल फिरलो. दोरीची दोन्ही टोकं जुळली आणि आत आले जवळजवळ 1386 चौरस फूट. दोरी तीच, जमीन 297 चौरस फूट जास्त. हिशेब मला ठाऊक होता, तरी पायाखाली बघताना अंगावर काटा आला.

आबा त्या गोलाभोवती एक फेरी मारून आले. म्हणाले, "खरं हाय. पण गोलाला गोल लावलास तर मधी पडीक राहतंय." शेतं चौकोनी का, ते मला एवढ्या नेमक्या शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात भाचीने दोरी ओढून घेतली, स्वतःभोवती हातभर वेटोळं केलं आणि मध्ये उभी राहिली. "मी बाहेर आहे. तुम्ही सगळे आत."

कोडं जुनंच आहे, पण ते खोटं पाडता येत नाही. सपाट कागदावर बंद रेघेला आत आणि बाहेर असतं. जॉर्डन नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने 1887 साली ते सिद्ध करायला घेतलं. पृथ्वी मात्र गोल. तिच्यावर रेघेच्या दोन्ही बाजू मोजता येतात, आणि आतली कुठली हे रेघ सांगत नाही, आपण ठरवतो. पोरीने पायाखालची हातभर जागा सोडून 51 कोटी चौरस किलोमीटर घेतले होते.

माझी आत्या चंदगड तालुक्यात दिलेली. तो तालुका आधी आमच्याच बेळगाव जिल्ह्यात होता. 1 नोव्हेंबर 1956 ला तो कोल्हापूरकडे गेला, आम्ही म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आलो. घरं जिथल्या तिथं, शेतंही तीच. आत्या आम्हाला 'पलीकडची माणसं' म्हणते, आम्ही तिला. लहानपणी मला वाटायचं, दोघांतलं कुणीतरी चुकतंय.

भाची अजून वेटोळ्यातच उभी होती. "आजोबा, तुम्ही आत आहात हं. बाहेर जायचं नाही."

आबांनी पश्चिमेच्या डोंगराकडे बघितलं.

"मग चंदगडच्या आजीला बी आत घेतलीस की," म्हणाले, आणि पहार उपसायला वाकले.