रोज एक गोळी

आजींचं तोंड ओठांपासून घशापर्यंत सोलवटलं होतं. पाण्याचा घोटही गिळवत नव्हता, अंगात ताप. रक्ताचा रिपोर्ट आला: पांढऱ्या पेशी ९००, प्लेटलेट्स २८,०००, दोन्ही फारच कमी. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू होतं, त्यामुळे पहिला प्रश्न ठरलेलाच.

"ती पिवळी गोळी कधी घेता?"

"रोज. तुमच्याच कागदावर आहे की," सून म्हणाली. "आधी रविवारीच घ्यायच्या. मला वाटलं, डोस वाढवला असेल."

कागद बघितला. सुबक छापील अक्षरात: १५ मिग्रॅ, दिवसातून एकदा. हे औषध संधिवातात आठवड्यातून एकदाच देतात. रोज घेतलं तर रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जाच बसते.

औषध लगेच बंद केलं, त्यावरचा उतारा म्हणून ल्युकोव्होरिनची इंजेक्शनं आणि सोबत अँटिबायोटिक्स सुरू केली. (साधं फोलिक ॲसिड इथे पुरत नाही, मेथोट्रेक्सेटने अडवलेल्या एन्झाइमला वळसा घालून जाणारं औषध लागतं.) मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं, म्हणजे औषध शरीराबाहेर पडायलाही उशीर.

मग संगणकावरच्या जुन्या नोंदी उघडल्या. मागच्या वेळी न्यूमोनियासाठी ॲडमिट असताना कुणीतरी औषधांची यादी नव्याने भरली होती. 'किती वेळा' या रकान्यात 'दिवसातून एकदा' आधीच निवडलेलं येतं. त्या ज्युनिअरने शेऱ्यात 'फक्त रविवारी' टाइपही केलं होतं. शेरा प्रिंटमध्ये येतच नाही! पुढच्या दोन्ही व्हिजिटना यादी जशीच्या तशी कॉपी झाली. सिस्टीमने इशारा दिला नव्हता असंही नाही. पण त्याच्यासोबत आणखी सहा चौकटी उघडल्या होत्या, त्यातली एक पॅरासिटामॉलची. सगळ्या एकाच रंगाच्या. सातही काही सेकंदांत बंद केल्याची नोंद आहे.

डॉक्टरांच्या अक्षराची चेष्टा खूप होते, आणि ती रास्तही आहे. पण अक्षर लागलं नाही की फार्मासिस्ट फोन करून विचारायचा. छापील कागदाला कोण प्रश्न विचारणार? सुनेला शंका आली होती, तिने ती गिळली.

दहाव्या दिवशी पेशी वर आल्या, आजी पेज पिऊ लागल्या.

'दिवसातून एकदा' हा आपोआप येणारा पर्याय काढून टाका, असं मी सॉफ्टवेअरवाल्यांना लेखी कळवलं. ते म्हणाले, तो सगळ्याच औषधांना लागू आहे, एकट्या मेथोट्रेक्सेटसाठी बदलता येणार नाही. त्याऐवजी त्यांनी आणखी एक इशारा जोडून दिला आहे. तोही त्याच रंगाचा.