मांडवीवरचा फ्लॉइड: एकोजला अखेर जागा मिळाली

एकोज, म्हणजे पिंक फ्लॉइड या रॉक बँडचं लांबलचक गाणं, अखेर बसलं. कुठं, तर मांडवीवर मी कल्पनेत भरवतोय त्या त्यांच्या कार्यक्रमाच्या गाण्यांच्या यादीत. मागच्या नोंदीत मी वैतागून लिहिलं होतं की पुढची यादी एकोजशिवायच येईल. ते मागे घेतो. गाणं यादीत आहे, तेही अशा जागी की आता हलवायची माझी छाती होणार नाही. बाकी यादीची मात्र त्यापायी पार उलथापालथ झाली. ती सांगतोच, पण आधी एकोजचं रामायण.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी नियम थोडक्यात. बँड पिंक फ्लॉइड, माणसं चौघंच: गिल्मोर, वॉटर्स, राइट, मेसन. कोण हयात, कोण नाही, कोण कोणाशी बोलत नाही, हे इथं मोजायचं नाही. मंच म्हणजे पणजीला मांडवीत कांपालसमोर नांगरलेली खनिजाची बार्ज. 2012 साली खाणी थांबल्या तेव्हा कितीतरी बार्जी नुसत्या नदीत उभ्या राहिल्या. त्या बघूनच हे खूळ डोक्यात शिरलं होतं. आणि तिसरा नियम आमच्या गोव्याचा: रात्री दहाच्या ठोक्याला आवाज बंद. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम कल्पनेतल्या कार्यक्रमालाही लागू, त्याशिवाय या खेळात मजा नाही.

तर अडचण. एकोज 23 मिनिटं 31 सेकंदांचं. जुन्या यादीत मी ते सुरुवातीला ठेवलं होतं, सूर्य मावळता मावळता, आणि त्याला लागून शाइन ऑनचे (शाइन ऑन यू क्रेझी डायमंड) पहिले पाच भाग. कागदावर झकास दिसत होतं. रीपर या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही ट्रॅक एकापुढे एक लावले, जोड घासूनपुसून घेतली, तरी प्रत्येक वेळी त्या जोडावर पोटात काहीतरी ढवळायचं. आवाजाची पातळी सारखी केली. जोड लांबवली. मध्ये बेतीच्या फेरीबोटीवर रेकॉर्ड केलेलं पाणी घातलं. (ते रेकॉर्डिंग ऐकण्यासारखं आहे. फळी धक्क्याला लागताना साखळी जी करकरते, ती तर त्यांच्या डार्क साइड ऑफ द मून या अल्बममध्ये खपून जाईल.) काही उपयोग नाही. ढवळणं कायम.

शेवटी डिचोलीतल्या आमच्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्या काकांना गच्चीवर बोलावलं. काकांना फ्लॉइड म्हणजे कोण हे ठाऊक नाही, ठाऊक करून घ्यायची हौसही नाही. चहा घेतला, पेटी पुढ्यात ओढली, नुसतं ऐकत बसले. जोड आली तशी मान हलवून म्हणाले, “जुळना रे. काळी एकार आसा तो, आनी तूं एकदम पांढरी पांचार उडी मारता?”

आणि झटकन उजेड पडला. एकोज सी शार्प मायनरमध्ये, म्हणजे पेटीच्या पट्ट्यांच्या भाषेत काळी एक. शाइन ऑन जी मायनरमध्ये, म्हणजे पांढरी पाच. काळी एकला षड्ज धरला तर पांढरी पाच म्हणजे थेट तीव्र मध्यम. आधीचा सा कानात घुमत असताना त्याच्या तीव्र मध्यमावर नवा सा मांडायचा, तोही शाइन ऑनच्या सुरुवातीसारखा, तंबोरा छेडल्यागत लांबलचक धरलेला! पोटात ढवळणार नाही तर काय होईल. कोणी म्हणेल, एकोजच्या शेवटी तो घोगऱ्या आवाजांचा वर वर चढत जाणारा लोट आहे, त्यात सा विरघळूनच जातो. विरघळतो, पण तेवीस मिनिटं कानात मुरलेला सा अर्ध्या मिनिटात जात नाही.

एकोजचे दोन तुकडे करा, पाँपेईच्या चित्रपटात केलेत तसे, एक सुरुवातीला आणि एक शेवटी, असं गेल्या खेपेला दोघांनी सुचवलं होतं. चित्रपटात ते चालतं. माझ्या नदीवर चालणार नाही. बडा ख्याल अर्धा गाऊन गवई चहा प्यायला उठला, असं होईल ते.

काका म्हणाले, मध्ये काहीतरी घाल. म्हणून वन ऑफ दीज डेज घातलं. ते बी मध्ये, पांढरी सात. काळी एकवरून पांढरी सातवर, मग तिथून पाचवर, उतरत्या पायऱ्या. स्वर जुळले, गाणी जुळेनात. एकोजच्या त्या विरण्यानंतर दोन बासचा तो दणदणाट म्हणजे शुद्ध उद्धटपणा. मी निराश होऊन नुसता बसलो होतो. रीपरमध्ये पुनरावृत्तीचं बटण चालूच राहिलेलं, त्यामुळे वन ऑफ दीज डेज संपून ट्रॅक परत पहिल्यावर आला, म्हणजे एकोजच्या सुरुवातीवर. काकांचं बोट अजून पांढरी सातवरच होतं. आणि तो पहिला ‘पिंग’ वाजला.

तोच स्वर. पेटी आणि पियानो एका सुरात!

तो पिंग म्हणजे राइटच्या पियानोतला एकच वरचा स्वर, लेस्ली या फिरत्या स्पीकरमधून काढलेला. तो बी आहे हे मी कुठंतरी वाचलेलं होतं, पण डोक्यात त्याचा उपयोग कधी आला नव्हता. गाणं काळी एकमध्ये, आणि उघडतं मात्र कोमल निषादावर. म्हणजे एकोजच्या नंतर काय घालायचं हा प्रश्नच नव्हता. त्याच्या आधी पांढरी सातचं गाणं हवं होतं. त्याचा सा हवेत असतानाच पिंग यायचा, ऐकणाऱ्याला वाटणार तोच सा चालू आहे, आणि मग हळूच पायाखालची सतरंजी सरकून तो सा निषाद होऊन जाणार. काकांना हे इतकं आवडलं की त्यांनी पेटीवर चारदा तेच करून दाखवलं, आणि वर विचारलं, हा तुझा माणूस भजनाला बसायचा का कधी?

आता पांढरी सातची गाणी कोणती? वन ऑफ दीज डेज, मनी आणि कम्फर्टेबली नम. पहिलं घेतलं तर मेडल या अल्बमची दोन टोकं (पहिलं गाणं ते, शेवटचं एकोज) एकत्र बांधल्यासारखं होतं, जरा शाळकरी वाटतं. मनी डार्क साइडमधून उपटायचं नाही, मी डार्क साइड अखंडच घेतो, त्यावर चर्चा नको. उरलं नम. नमचा तो शेवटचा सोलो, मग बी मायनरचा दणका, टाळ्या ओसरतात, आणि त्यातून एक पिंग. मी ती जोड ऐकली तेव्हा हातावर काटा आला. गच्चीवर दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मोठ्यानं ‘सायबा’ म्हणून घेतलं.

जोडीसाठी नमचं पल्स या लाइव्ह अल्बममधलं, 1994 चं रेकॉर्डिंग वापरलंय, साडेनऊ मिनिटांच्या आसपासचं. त्यात वॉटर्स नाही हे कबूल. पण सोलोला जितकी लांबी हवी तितकी तिथं आहे. अडचण प्रेक्षकांच्या आरोळ्यांची. पल्सचे प्रेक्षक आणि मेडलचा स्टुडिओ यांच्यात भिंत आहे, आणि ती फेरीबोटीच्या पाण्यानं बुजवली. ते रेकॉर्डिंग वाया गेलं नाही.

यातून शेवट आपोआप ठरला. नमच्या मागे एकोज, आणि एकोजच्या मागे काहीच नाही. एन्कोर, म्हणजे शेवटानंतरचं जादा गाणं, रद्द. भैरवी झाल्यावर परत कोणी राग मांडत नाही, फर्माईश कितीही येवो. आणि गंमत म्हणजे हे बँडलाही सुचलेलंच होतं: 1975 च्या दौऱ्यात अख्खं डार्क साइड झाल्यावर सर्वांत शेवटी एकोजच असायचं. राइट 2008 साली गेला, त्यानंतर त्याच्याशिवाय हे गाणं वाजवायचं नाही असं गिल्मोरनं ठरवून टाकलं. म्हणजे खऱ्या मंचावर ते आता होणे नाही. मग कल्पनेतल्या कार्यक्रमाचा शेवट दुसऱ्या कशानं करायचा?

आता घड्याळ. आजची यादी अशी: 7:40 ला शाइन ऑनचे पाच भाग, पांढरी पाच. बँडचा पहिला गायक सिड बॅरेट, त्याला पहिला नमस्कार, त्यामुळे त्याचंच अ‍ॅस्ट्रॉनॉमी डॉमिनी सुरुवातीतून गेलं, माफी. मग डॉग्ज, 17 मिनिटं, पांढरी दोन, म्हणजे पाचचा पंचम. जोड लोण्यासारखी. 8:11 ला मध्यंतर, पंधरा मिनिटं, कारण आपल्या माणसाला मध्यंतराशिवाय कार्यक्रम झाल्यासारखा वाटत नाही. मग डार्क साइड. ते हृदयाच्या ठोक्यांवर उघडतं, ठोक्याला सूर नाही, तेव्हा आधी काय होतं याची फिकीर नाही. त्यातलं शेवटचं गाणं एक्लिप्स पांढरी दोनवर संपतं, तिथून विश यू वेअर हिअर पांढरी पाचला, मध्ये रेडिओची खरखर आहेच. मग नम, मग एकोज. टाळ्यांचे पाच-सहा मिनिट धरून 9:55. पाच मिनिटं नदीला.

पल्सवाल्यांनो, हो, मला दिसतंय. डार्क साइड, विश यू, नम हा तुमचाच क्रम आहे, फक्त रन लाइक हेलच्या जागी एकोज आलंय. भांडायला या, मी तयार आहे.

डॉग्जवर एक अनुभव. गच्चीवर तालीम करताना मधला तो व्होकोडरमधला (आवाज यंत्रासारखा करणारं उपकरण) भुंकण्याचा भाग आला आणि आमच्या वाड्यावरची सगळी कुत्री एकसाथ सुरू झाली. शेजारच्या काकूंनी खिडकी उघडून विचारलं, काय रे, कोण आलंय? तेव्हापासून डॉग्ज यादीतून काढणं मला शक्य नाही. पणजीच्या कुत्र्यांवर माझा भरवसा आहे.

साधनांबद्दल दोन शब्द. जोड करायची असेल तर रीपर शिका. ऑडॅसिटी कापाकापीला ठीक, पण ट्रॅक सरकवत बसायचं तर रीपरला तोड नाही. आणि ज्या अ‍ॅपवर ब्रेन डॅमेज आणि एक्लिप्सच्या मध्ये अर्ध्या सेकंदाची फट पडते, त्या अ‍ॅपवर फ्लॉइड ऐकू नका. मी पैसे भरणं बंद केलंय, सीडी परत काढल्या. स्पीकर भाड्यानं देणाऱ्याचा विषय नको. त्याला प्रत्येक गाण्यात बास कमी वाटतो, मनीतही.

तारीख बदलतेय. आतापर्यंत डिसेंबर धरला होता, पण डिसेंबरात पणजीत मुंगीला वाव नसतो. काल सुचलं: त्रिपुरारी पौर्णिमा! साखळीला विठ्ठलापुरात वाळवंटीत नावा सोडतात, तेच पाणी पुढे मांडवीला मिळतं. चंद्र पुलांच्या बाजूनं वर येणार, आणि एक्लिप्सच्या वेळी अर्ध्या आभाळात असणार, मग बँडच्या मंचामागचा तो गोल पडदा कशाला हवा? भरतीचा हिशेबही जमतो. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात: पौर्णिमेचे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा, ती पूर्ण भरतीची वेळ. म्हणजे सव्वापाचच्या सुमाराला ओहोटी संपते, आणि सगळा कार्यक्रम चढत्या पाण्यावर. बार्ज हळूहळू वर उचलली जाईल, तेव्हा नांगराच्या साखळ्यांना आणि काठावरून येणाऱ्या केबलींना दीड-दोन मीटर ढील ठेवायला हवी. पौर्णिमेचं उधाण असतं, हे विसरू नका.

व्हेनिसचं म्हणाल तर 15 जुलै 1989 ला यांनी तरंगत्या मंचावर वाजवलंच आहे. दोन लाखांच्या आसपास माणसं, टीव्हीच्या वेळेपायी कार्यक्रम दीड तासात आवरला, आणि मागे राहिला तो कचरा. त्यातून मी घेतलेला धडा एवढाच, की कांपालच्या काठावर आधी कचऱ्याचे डबे आणि शौचालयं, मग लाइटिंग.

लिहिता लिहिता आणखी एक सुचलं. पिंग बार्जवरून नकोच. पलीकडे बेती-वेरेंच्या काठावर एकच स्पीकर ठेवायचा आणि पहिला पिंग तिथून सोडायचा. आवाजाला एक किलोमीटर जायला तीनेक सेकंद लागतात, तालाच्या गाण्याला हा उशीर जीवघेणा, पण पिंगला ताल कुठंय? नमच्या टाळ्या चालू असताना मागून, नदीपलीकडून, तो एक स्वर यायचा. मग डार्क साइडमधल्या टाइम या गाण्यातली घड्याळंही पलीकडे पाठवायची का? त्या अल्बमचा ध्वनिमुद्रक अ‍ॅलन पार्सन्स यानं ती चारही बाजूंनी ऐकू यावीत म्हणूनच रेकॉर्ड केली होती, त्यामुळे मोह होतोय. पण मग घड्याळांच्या मागून येणाऱ्या ड्रमशी गाठ पडणार. हे रीपरमध्ये तीन सेकंद मागे सरकवून आधी बघतो.

काकांनी पुढच्या आठवड्यात परत यायचं कबूल केलंय, डार्क साइडमधलं ग्रेट गिग कोणत्या पट्टीत आहे ते शोधायला. ते गाणार मूळची गायिका क्लेअर टोरीच, त्यात बदल नाही. डॉग्जला वेगळी गिटार लागेल, तारा एक स्वर उतरवलेली, ती बार्जवर कुठं ठेवायची ते नकाशात दाखवेन. शीप हे गाणं का नाही म्हणून विचारणाऱ्यांनी दहा मिनिटं कुठून काढायची तेही सांगावं. मध्यंतर सोडून.