तुम्ही विचारलंत म्हणून: बीच सोडून गोव्यात संध्याकाळी काय बघायचं?

मडगावला राहायला आल्यापासून मुंबई-पुण्याच्या मंडळींचा हा ठरलेला मेसेज. फ्लाइट झाली, हॉटेल झालं, आता बीच सोडून काहीतरी सांग ना, नाटकबिटक, लाइव्ह म्युझिक वगैरे. लाइव्ह म्युझिक म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर शॅक येतो, एक गिटारवाला आणि त्याची तीच ती इंग्लिश गाणी. ते ऐका की, कोण नको म्हणतंय. पण मला विचाराल तर उत्तर एकच, मडगावच्या रवींद्र भवनात जाऊन तियात्र बघा, म्हणजे गोव्यातलं गाण्याबजावण्याचं कोंकणी नाटक.

लगेच पुढचा प्रश्न, ते कोंकणीत असतं ना, आम्हाला काय कळणार? कळतं हो. सुरुवातीला कान जरा चाचपडतात, जनेल, कुझीन असे पोर्तुगीजमधून आलेले शब्द येतात आणि सासष्टीचं, म्हणजे आमच्या मडगावच्या तालुक्याचं, बोलणं भराभरा असतं, पण एकदा का घरात सासू-सुनेचं वाजलं की पुढचं सगळं कळतं, त्याला डिक्शनरी लागत नाही. आणि परकं म्हणाल तर तियात्राचा जन्मच मुंबईतला. लुकाझिन रिबेरोंनी इटालियन ऑपेरावरून कल्पना घेतली आणि १७ एप्रिल १८९२ ला मुंबईत 'इटालियन भुर्गो' केलं, तेच पहिलं तियात्र. आपल्या किर्लोस्करांचं शाकुंतल पुण्यात १८८० साली आलं, म्हणजे मध्ये फक्त बारा वर्षं. तेव्हा नोकरीधंद्यासाठी मुंबईला गेलेले गोंयकार धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावच्या कुडांमध्ये, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक बिऱ्हाडांमध्ये, राहायचे आणि प्रेक्षक म्हणजे तीच माणसं. म्हणजे आपण ज्या शहरात नाट्यसंगीत ऐकत होतो तिथेच, जवळपास त्याच काळात, हेही चालू होतं आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही, याचं मला खरंच नवल वाटतं.

आता असतं कसं ते सांगते. गोष्ट सहा-सात पडद्यांत चालते, पडदा म्हणजे प्रवेश समजा. प्रत्येक पडदा पडला की कोणीतरी पुढे येऊन माइकवर गातं, त्याला कांतार म्हणायचं, आणि त्या गाण्याचा गोष्टीशी काही म्हणजे काही संबंध नसतो! स्टेजपाशी बँड बसलेला असतो, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, बेस, कीबोर्ड, ड्रम्स, सगळं तिथल्या तिथे वाजवलेलं. मी बघितलेल्या एकात मुलगा म्हाताऱ्या आईची बॅग अंगणात फेकतो, आई ती उचलायला वाकते आणि तिथेच पडदा. हॉलमध्ये नाकं ओढल्याचे आवाज. आणि पुढच्या क्षणाला ट्रम्पेट किंचाळलं, चकचकीत निळ्या सुटातला एक बुवा आला आणि रस्त्यातले खड्डे, पंचायत, मंत्री सगळ्यांना धुवायला लागला. माझ्या शेजारी फुलाफुलांचा फ्रॉक घातलेल्या एक आजी होत्या, त्यांचा रुमाल अजून डोळ्यालाच आणि खाली तोंड हसतंय. शेवटच्या ओळीला शिट्ट्या, वन्स मोअर, आणि बुवा लगेच नवीन कडवं घेऊन हजर, कारण गायक वन्स मोअर मिळणार हे धरूनच जास्तीची कडवी तयार ठेवतात. गोव्यात राजकारणावर कोण काय बोलतंय हे पेपरात वाचायचं ते वाचा, पण लोकांच्या मनात काय आहे ते कांताराला किती शिट्ट्या पडतात त्यावरून कळतं, निदान मला तरी.

सगळंच ग्रेट असतं असं नाही हं. मेलोड्रामा भरपूर, उपदेश त्याहून भरपूर, आणि कॉमेडियन कधीकधी बायकांवरचे असले विनोद मारतो की डोक्यात जातात. पण आपली व्यावसायिक नाटकं तरी कुठे धुतल्या तांदळाची आहेत.

शोधायचं कसं, तर मडगावच्या रवींद्र भवनाचा मोठा हॉल 'पाय तियात्रीस्त', म्हणजे तियात्राचे पिता म्हणवले जाणारे जुवांव आगुस्तिन फेर्नांडिस, यांच्या नावाचा आहे, तिथे रविवारी बहुतेक काहीतरी लागलेलं असतं. चौकाचौकात बॅनर असतात, ते बघा. जाहिरातीत 'नॉन-स्टॉप' किंवा खेळ-तियात्र लिहिलेलं असेल तर तो प्रकार वेगळा, त्यात पडद्यांची अशी अडवाअडव नसते आणि गाणी गोष्टीतच येतात. पहिल्यांदा जाणार असाल तर पडद्यावालंच बघा, बँडची खरी मजा त्यात.

मराठीच हवं असेल तर फोंड्याला राजीव गांधी कला मंदिराची चौकशी करा, तिकडे संगीत नाटकाला अजून दर्दी प्रेक्षक मिळतो. कार्तिकानंतर जत्रांचे दिवस, तेव्हा देवळापुढच्या मांडवात गावातलीच माणसं नाटक करतात, ते रात्री कधी सुरू होईल आणि कधी संपेल हे विचारायचं नसतं. गाण्याचं वेड असेल तर नोव्हेंबरच्या सुमारास पणजीत केसरबाई केरकरांच्या नावाचा समारोह असतो, तारीख बघून तिकीट काढा. ज्या केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अवकाशात गेली त्याच ह्या, फोंडा तालुक्यातल्या केरीच्या. आणि पणजीला गेलातच तर आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी बांधलेली कला अकादमी बघून या, तिथल्या मोठ्या हॉलच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी बाल्कनीत बसलेले प्रेक्षकच रंगवलेत.

बाकी एक महत्त्वाचं. तियात्र संपायला रात्र होते आणि तेव्हा बसबिस काही मिळत नाही, टॅक्सीवाला सांगेल तो भाव. तेव्हा स्कूटर किंवा गाडी आधी ठरवून ठेवा, आणि मला साडेदहाला फोन करून 'अगं, आता परत कसं जायचं?' विचारू नका, बहुतेक मीही तुमच्या मागच्याच रांगेत असेन.