उभी रेघ

नाणं टाकलं की सुरुवातीची धून वाजायची, जॉयस्टिक हलवली की टिपके खाल्ल्याचा आवाज यायचा. म्हणजे खेळाचा बोर्ड ठणठणीत होता. पडद्यावर मात्र वरपासून खालपर्यंत एकच झगझगीत रेघ. १९८० च्या पॅक-मॅनचं ते जुनं कपाट, आत १९ इंची रंगीत पिक्चर ट्यूब. रेघ उभी आहे, म्हणजे चित्र आडवं पसरत नाही, म्हणजे हॉरिझॉन्टल गेलं. असा सरळ हिशेब करून मी मागचं दार उघडलं आणि तिथेच फसलो.

एक काम मात्र शहाण्यासारखं केलं, आधी ब्राइटनेस उतरवला. साऱ्या पडद्यावर पसरणारा इलेक्ट्रॉनांचा मारा एकाच रेघेवर होत राहिला तर तिथला फॉस्फर, म्हणजे काचेच्या आतला चमकणारा लेप, जळतो आणि डाग कायमचा राहतो. या ट्यूबवर जळल्याची खूण आधीच होती. भुलभुलैयाच्या भिंती वर्षानुवर्षं एकाच जागी उजळल्यामुळे मशीन बंद असतानाही काचेवर पुसट दिसायच्या. खेळात भुतं चार, हे पाचवं.

मग डिस्चार्ज. चालू असताना अशा ट्यूबला वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब मिळतो, आणि प्लग काढला तरी तो लगेच जात नाही, कारण ट्यूबची काच स्वतःच मोठ्या कपॅसिटरसारखी वागते. तारेचं एक टोक ट्यूबभोवतीच्या उघड्या अर्थच्या पट्टीला, दुसरं लांब स्क्रूड्रायव्हरच्या दांडीला. डावा हात पाठीमागे, आणि उजव्याने, हाय व्होल्टेज जिथून ट्यूबमध्ये शिरतं त्या रबरी टोपीखाली पातं सरकवलं. चट्! थोड्या वेळाने पुन्हा लावलं तर पुन्हा बारीकसा आवाज आला. उरलेला चार्ज असा मागाहून जमतो, म्हणून एकदा करून निर्धास्त होऊ नये. ट्यूबच्या मानेला तर कोपरसुद्धा लागू द्यायचं नाही. ती फुटली की ट्यूब गेलीच.

अशा मॉनिटरांतल्या बऱ्याच बोर्डांना मेन्सपासून, म्हणजे भिंतीतून येणाऱ्या विजेपासून, वेगळेपण नसतं, ते काम कपाटातला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर करतो. त्यामुळे बोर्ड टेबलावर घेऊन थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडायचा मोह मी आवरला.

दोन संध्याकाळी हॉरिझॉन्टलमागे गेल्या. आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट नव्हता, सप्लाय बरोबर येत होता. सगळं चांगलं निघत गेलं की आनंद व्हायला हवा, माझी चिडचिड वाढत होती. शेवटी डोक्यात प्रकाश पडला: ईएचटीला, म्हणजे ट्यूबच्या त्या वीस हजार व्होल्टला, चालवतो तो हाच ट्रान्झिस्टर. हॉरिझॉन्टल बंद पडलं असतं तर हाय व्होल्टेजच बनलं नसतं, पडदा काळाठिक्कर राहिला असता. मग ही रेघ दिसतेय कशी? एकच पळवाट उरत होती, योकमधली, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत वळवणाऱ्या ट्यूबच्या मानेवरच्या वेटोळ्यांतली, हॉरिझॉन्टल कॉइलच तुटलेली असणं. प्लग काढून मोजलं. दोन्ही कॉइल शाबूत.

मीटर हातात धरून, मान वाकडी करून मी ट्यूबकडे बघत होतो, आणि वाकड्या मानेनं रेघ आडवी दिसली. ट्यूब कुशीवर निजवलेली होती! पॅक-मॅन, गॅलागा, डाँकी काँग, या सगळ्यांचा पडदा उभा असतो, म्हणजे नेहमीचीच ट्यूब ९० अंशांत फिरवून बसवलेली. रेघ ट्यूबच्या लांब बाजूने धावत होती. हॉरिझॉन्टल आपलं काम चोख करत होतं, मेलं होतं ते व्हर्टिकल. हे मला माहीत नव्हतं असं नाही, हेच जास्त लागलं.

व्हर्टिकल सेक्शनमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर इतक्या वर्षांत सुकलेलेच असणार, म्हणून पोलॅरिटी दोनदोनदा तपासत सगळे बदलले. रेघ जागच्या जागी. मग भिंग घेऊन बोर्ड उलटा केला. योकचा प्लग जिथे बसतो तिथल्या एका पिनेभोवती केसाएवढी गोल चीर होती. ड्राय सोल्डर, म्हणजे तडकून सुटलेला सांधा. तापणं-निवणं आणि प्लगची ओढाताण, दोन्ही त्याच सांध्यावर येतं. मीटरचं एक टोक पिनेवर, दुसरं ट्रॅकवर ठेवलं, काही नाही. पीन बोटानं जरा दाबली, बीप! प्लग काढून कॉइल मोजली तेव्हा ती चांगली का निघाली याचं उत्तरही त्यातच होतं, कारण चीर प्लगच्या अलीकडे, बोर्डावर होती. जुनं सोल्डर शोषून काढलं, नवं भरलं, आणि शेजारच्या पिनांनाही हात फिरवला.

चालू केलं. ट्यूब तापायला काही सेकंद गेले आणि चित्र उलगडलं, पण डावी-उजवीकडून आकसलेलं. आता मात्र फसलो नाही. रुंदीसाठी 'हाइट' लिहिलेला प्रीसेट, म्हणजे बोर्डावरचा छोटा स्क्रू, फिरवायला घेतला. किती फिरवायचा, ते काचेवरच्या जुन्या भुतानं सांगितलं. निळ्या भिंती त्या जळक्या रेषांवर नेमक्या येऊन बसेपर्यंत फिरवत राहिलो.