तागडीत सारखं

तिसरीत वजनाचा धडा आला की बहुतेक वर्गांत फळ्यावर '१ किलो = १००० ग्रॅम' लिहिलं जातं, खाली दहा उदाहरणं, की धडा संपला. शाळेत वजनं असतात, पण ती कपाटात कुलूपबंद, तपासणीला कुणी आलं तरच बाहेर निघणारी. याचा मला मनापासून राग येतो.

मी शिकवते तुर्भ्याला, बाजार समितीच्या जवळच. मुलांचे वडील माथाडी, आया कांदा निवडायला जातात नाहीतर भाजी विकतात. ५० किलोवरची गोणी उचलायची नाही, हा माथाडींचा आग्रह या मुलांनी घरातच ऐकलेला असतो. त्यांना नुसतं फळ्यावरचं वजन शिकवायची मला लाज वाटते.

म्हणून मी दांडीची तागडी आणून खिडकीच्या गजाला टांगते. आधी रिकामी पारडी सम करायची, फरक दिसला तर हलक्या बाजूला पासंग बांधायचा. त्या दिवशी एका पारड्यात किलोचं लोखंडी वजन ठेवलं, दुसऱ्यात किलोभर मुरमुरे. मुरमुऱ्यांच्या पिशवीलाही वजन असतं, म्हणून तसलीच रिकामी पिशवी लोखंडाखाली सरकवली. एवढं सांभाळलं तरच काटा मधोमध थांबतो.

एका भाजीवालीची लेक उठून पुढे आली. तिनं वजन उलटं करून खालचं शिसं आणि त्यावरचा शिक्का पाहिला. "हा दोन वर्षांनी परत मारून घ्यावा लागतो, बाई." मग कुणाला न विचारता तिनं दोन्ही पारड्यांतला माल अदलाबदल केला. खोटी तागडी पकडायची हीच रीत. काटा पुन्हा मधोमध. आता तिनं एका हातात लोखंड घेतलं, दुसऱ्या हातात उशीएवढी मुरमुऱ्यांची पिशवी.

"तागडी बरोबर आहे, बाई. पण लोखंडच जड आहे."

वर्गानं पाळीपाळीनं उचलून पाहिलं. सगळ्यांना लोखंड जड. मलाही. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत नेलं तर मुख्याध्यापकांनाही लोखंडच जड लागलं. एक सहकारी म्हणाले, "सारखं आहे म्हणून सांगा आणि पुढे चला." पुढे चला, पुढे चला! आमच्याकडची निम्मी मुलं या घाईनं गणिताला घाबरतात.

घरी येऊन वाचलं. शार्पांतिए नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८९१ मध्येच हे नोंदवलंय. सारख्या वजनाच्या दोन वस्तूंमधली आकारानं लहान असलेली हाताला जास्त जड लागते, आणि वजन सारखं आहे हे माहीत असूनही लागतच राहते. म्हणजे ती पोरगी जे जाणवलं तेच खरं सांगत होती.

दुसऱ्या दिवशी दोन्ही माल लांब बंदांच्या कापडी पिशव्यांत घातले. डोळे मिटायचे, फक्त बंद धरायचे, पिशवीला हात लावायचा नाही. वर्ग ओरडला, "सारखं!" डोळे उघडून वस्तू हातात घेतल्या की पुन्हा लोखंड जड. अख्खा तास याच्यातच गेला. पुढचा धडा राहिला तो राहिला.

चाचणीत मी मुद्दाम विचारलं, एक किलो कापूस आणि एक किलो लोखंड, जास्त जड काय? बाकी सगळ्यांनी 'सारखं' लिहिलं. तिनं लिहिलं, 'तागडीत सारखं, हातात लोखंड.' मी पूर्ण गुण दिले. तेच सहकारी म्हणतात, उत्तरपत्रिका वर गेली असती तर अर्धाच गुण मिळाला असता. तसं झालं असतंही. पण त्या वर्गातलं सगळ्यात पूर्ण उत्तर तेच होतं.

आता पुढच्या आठवड्यात 'आधी अंदाज करा, मग मोजा' हा भाग आहे. हातावर कुठे विसंबायचं आणि कुठे नाही, हे आठ वर्षांच्या मुलांना कसं दाखवायचं, यावर मी अजून अडले आहे.