शेवटच्या टेबलावरचा माइक

आमच्या मंडळाच्या वार्षिक कार्ड स्पर्धेत (मॅजिक, पोकेमॉनसारखे खेळ, ज्यांत प्रत्येक जण स्वतःचा डेक, म्हणजे कार्डांचा गठ्ठा, घेऊन खेळतो) स्वागत, प्रास्ताविक, नियमांचं वाचन, बक्षिसं हे सगळं दर वर्षी होतं आणि बरंचसं तसंच होतं. त्यावर लिहिण्यासारखं फार नाही. लिहायचं आहे ते बक्षिसांनंतरच्या अर्ध्या तासाबद्दल. अंतिम सामना आटोपलेला असतो, निम्म्या टेबलांवरचे क्रमांक काढून झालेले असतात आणि माइक संयोजकांकडून खेळाडूंकडे जातो. कुठे अडलं, कुठे ताटकळावं लागलं, पुढच्या वर्षी काय बदलायला हवं, हे ज्यानं त्यानं उभं राहून सांगायचं. स्पर्धेत आज जे काही नीट चालतं, त्यातलं बहुतेक या अर्ध्या तासात कुणीतरी बोललेलं आहे.

आधी उठतात ते थोडक्यात हुकलेले. गुण सारखे, पण टायब्रेकरवर, म्हणजे बरोबरी सोडवण्याच्या निकषावर, नववे, म्हणून पहिल्या आठांत नाहीत. त्यांचं दुःख खरं असतं. तुमचे प्रतिस्पर्धी इतर सामन्यांत किती जिंकले, यावर पहिला टायब्रेकर ठरतो, आणि ते काही तुमच्या हातात नसतं. म्हणून आता प्रत्येक फेरीनंतर गुणतक्ता लावतो आणि टायब्रेकर कसा काढतात ते पहिल्या फेरीआधीच सांगतो. एवढं केल्यावर त्या तक्रारी मवाळ झाल्या.

मन हलतं ते पुढच्या भाषणानं. एखादी मुलगी किंवा एखादे पन्नाशीचे काका उठतात. आठपैकी एकच सामना जिंकलेला, तरी आठही फेऱ्या खेळलेले. सुरुवातीला आवाज दबका असतो, आपला निकाल सांगण्यासारखा नाही असं म्हणून होतं, आणि मग ते असं काही सांगतात जे पुढच्या टेबलांवरून कुणालाच दिसलेलं नसतं. हॉल गप्प होतो. दर वर्षी होतो.

यामागचं कारण खेळाच्या पद्धतीतच आहे. मोठ्या कार्ड स्पर्धा स्विस पद्धतीनं होतात. १८९५ साली झुरिकच्या बुद्धिबळ स्पर्धेत ती पहिल्यांदा वापरली, म्हणून ते नाव. हरलं तरी कुणी बाद होत नाही, सारखे गुण असलेल्यांची एकमेकांशी गाठ पडते. जोड्या गुणांच्या उतरत्या क्रमानं लागतात, त्यामुळे सर्वांत जास्त गुणवाले पहिल्या टेबलावर आणि सर्वांत कमी गुणवाले शेवटच्या. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर तीच ती माणसं दिवसभर त्याच कोपऱ्यात बसतात. टेबल क्रमांक १ मंचाजवळ असेल, तर शेवटचं टेबल दाराजवळ, स्पीकरपासून लांब, घड्याळ न दिसणाऱ्या जागी. हॉलचे सगळे दोष तिथं गोळा होतात आणि तिथं बसणाऱ्याला ते सहा-सहा तास सोसावे लागतात. हॉल कसा आहे हे विजेत्याला विचारून उपयोग नाही.

या कोपऱ्यातून आलेल्या सूचना मंडळानं जपून ठेवल्या आहेत. दुसरा स्पीकर हॉलच्या मागच्या टोकाला लागला. फेरीचं घड्याळ दोन्ही बाजूंनी दिसेल असं मध्यावर आलं. जोड्यांचे फलक एका भिंतीवर असायचे, ते दोन टोकांना गेले. आणि एक जज, म्हणजे पंच, कायम मागच्या ओळींसाठी नेमला गेला, कारण तिथं हात वर केल्यावर कुणी यायला चार-चार मिनिटं लागायची आणि ती मिनिटं कुणी परत देत नव्हतं.

टेबलांच्या मापाची गोष्टही तिथूनच आली. प्लेमॅट, म्हणजे कार्डं मांडायची चटई, साधारण ६१ सेंटिमीटर लांब आणि ३५-३६ रुंद असतो. दोन समोरासमोर ठेवले की ७१-७२ सेंटिमीटर झाले. टेबल ६० सेंटिमीटर रुंद असेल, तर मॅट काठावरून खाली लोंबतो किंवा एकमेकांवर चढतो, आणि जवळ ठेवलेला कार्डांचा गठ्ठा घसरून जमिनीवर पडतो. मधल्या ओळींना रुंद टेबलं मिळायची, अरुंद टेबलं मागं लावली जायची. आता रुंदी ७५ सेंटिमीटरपेक्षा कमी असलेलं टेबल सामन्यांसाठी घेतच नाही. ती नोंदणीला आणि पाण्याला जातात. १.८ मीटर लांबीच्या टेबलावर दोनच सामने, म्हणजे प्रत्येक खेळाडूला ९० सेंटिमीटर. २०० खेळाडूंना अशी ५० टेबलं लागतात, वर चार-पाच जजांसाठी आणि डेक तपासणीसाठी. तिसरा सामना दाटीवाटीनं बसवायचा मोह होतो. बसवला की शेजारच्याची कार्डं आपल्या गठ्ठ्यात मिसळतात आणि पुढच्या फेरीत कुणाच्या तरी डेकमध्ये साठऐवजी ६१ कार्डं निघतात.

सर्वांत जास्त अभिप्राय वेळेवर येतात. १२८ खेळाडूंपर्यंत सात फेऱ्या पुरतात, कारण दर फेरीत न हरलेले निम्मे होत जातात आणि सातव्या फेरीअखेर एकच उरतो. त्यावर आठ लागतात. मॅजिकच्या तीन डावांच्या सामन्याला ५० मिनिटं आणि वेळ संपल्यावर पाच जादा पाळ्या. पोकेमॉनलाही ५० मिनिटं, जादा पाळ्या तीन. प्रत्येक फेरीनंतर २० मिनिटं गेली, तर आठ फेऱ्यांना ९ तास २० मिनिटं लागतात. तोच खोळंबा १२ मिनिटांवर आणला, तर ८ तास १६ मिनिटं. एक तास चार मिनिटं वाचतात, आणि तीही एकही सामना न कापता.

हा खोळंबा बहुतेक वेळा एका टेबलामुळे होतो. ९९ सामने संपलेले असतात आणि एक चालू असतो. सहसा तिथं आधी डेक तपासणी झालेली असते किंवा जजनं नियम बघायला वेळ घेतलेला असतो, जादा मिनिटं तोंडी दिलेली असतात, आणि किती दिली हे कुणालाच नक्की आठवत नाही. त्यावरचा उपाय साधा आहे. जादा वेळ दिल्या क्षणी मॅच स्लिपवर, म्हणजे सामन्याच्या निकालाच्या चिठ्ठीवर, लिहायचा, खाली जजची सही. घड्याळात दहा मिनिटं उरली की स्कोअरकीपर, म्हणजे निकाल नोंदणारा, न आलेल्या निकालांची यादी काढतो. पाच मिनिटं उरली की त्या प्रत्येक टेबलाशी एक जज उभा असतो आणि वेळ संपल्याची हाक आली की पाळ्या मोठ्यानं मोजतो. जज उभा असला की खेळ आपोआप भराभर होतो.

जेवणाच्या सुट्टीवर मात्र कधीच एकमत होत नाही. निम्मे म्हणतात सुट्टी हवी, निम्मे म्हणतात दिवस लांबतो. आमच्या मते सुट्टी हवीच, पण ती शेवटचा सामना संपल्यापासून मोजायची. ४५ मिनिटं घड्याळाप्रमाणे दिली, तर जादा वेळ खेळणाऱ्यांच्या वाट्याला २५ येतात, आणि सहा तास बसलेला माणूस न जेवता खेळला की चुका करतो आणि चिडतो.

फलकांचा एक धडा आपल्याच नावांनी शिकवला. काहींनी नोंदणीत आडनाव आधी लिहिलं, काहींनी स्वतःचं नाव, काहींनी देवनागरीत, काहींनी रोमन लिपीत. यादी वर्णानुक्रमे छापली की निम्म्यांना आपलं नाव सापडेना आणि फलकापुढे गर्दी गोठली. आता नोंदणीत नाव आणि आडनाव वेगळ्या चौकटींत, एकाच लिपीत. यादी आडनावानं, चार भागांत, दोन फलकांमध्ये निदान दोन मीटर अंतर. मोबाइलवरही जोड्या दिसतात, पण २०० जण एकाच मिनिटाला उघडतात तेव्हा नेटवर्क बसतं. कागद सोडायचा नाही.

निकाल उलटा नोंदला जाणं ही सर्वांत जिव्हारी लागणारी चूक. हरलेल्याच्या ओळीत जिंकलेले डाव म्हणून २ लिहिलेले असतात, दोघं न वाचता सही करून निघून जातात. पुढच्या जोड्या लागण्याआधी लक्षात आलं तर दोन मिनिटांत दुरुस्त होतं. फेरी सुरू झाल्यावर लक्षात आलं, तर निकाल बदलतो पण जोड्या तशाच ठेवतो, कारण दोघांसाठी दोनशेंना उठवणं बरोबर नाही. म्हणून स्लिप घेणारी ताई आता निकाल मोठ्यानं वाचून दाखवते आणि जिंकलेल्याचं नाव घेते. पाच सेकंद लागतात.

डेक तपासणी पाहायला मिळावी, असंही खेळाडू दर वर्षी सुचवतात. ती खरंच पाहण्यासारखी असते. पत्ते पिसून एकमेकांपुढे ठेवले, की जज दोन्ही डेक उचलतो. आधी यादीशी मोजणी. मग तो गठ्ठा आडवा धरून, काठ डोळ्यांच्या पातळीवर आणून पाहतो. साठ स्लीव्ह, म्हणजे कार्डांवरची प्लास्टिकची पाकिटं, सरळ बसल्या असतील तर काठ सलग दिसतो. त्यात कुठे केसाएवढी फट दिसली, की तिथं बहुधा फॉइलचं, म्हणजे चकचकीत थराचं, कार्ड असतं. कागद हवेतला ओलावा शोषतो, फॉइलचा थर शोषत नाही, त्यामुळे कार्ड कमानीसारखं वाकतं. डेक काटताना बोट आपसूक तिथं थांबतं. खेळाडूच्या मनात काही नसलं तरी ते कार्ड खुणेचं ठरतं. तपासणीत गेलेली मिनिटं आणि पुन्हा पिसायला तीन, एवढा वेळ त्या टेबलाला परत मिळतो.

आता एक खंत. अभिप्रायाच्या अर्ध्या तासाला थांबतं कोण? पहिल्या आठांतले बक्षीस घेऊन फोटो झाला की जातात. मंडळाचे काही जुने सभासद फोटोलाच येतात. आणि ज्यांचं ऐकायला हवं, त्यांतले कित्येक चौथ्या-पाचव्या फेरीत ड्रॉप होऊन, म्हणजे स्पर्धा मध्येच सोडून, गेलेले असतात. नाव नोंदवून न येणाऱ्यांचा राग त्याहून मोठा. पहिल्या फेरीत कुणीतरी रिकाम्या खुर्चीपुढे दहा मिनिटं बसतं आणि न खेळता जिंकतं. लांबून खेळायला आलेल्याला तो विजय नको असतो. हजेरी आता पहिल्या फेरीच्या अर्धा तास आधी बंद होते आणि हजर नसलेल्यांची नावं जोड्या लावण्याआधीच काढली जातात. यावर दर वर्षी कुरकुर होते. ती ऐकून घेतो, नियम बदलत नाही.

ड्रॉप होणाऱ्यांसाठी वेगळी चिठ्ठी केली. आधी वीस प्रश्नांचा अर्ज होता, तो शेवटी उरलेलेच भरायचे. आता ड्रॉपची नोंद करतानाच तीन ओळी: सर्वांत जास्त कुठे थांबावं लागलं, कुठल्या फेरीत आणि कुठल्या टेबलावर, एकच गोष्ट बदलायची तर कोणती. कसं वाटलं असं विचारलं की छान असं उत्तर येतं आणि त्यातून काही करता येत नाही. फेरी आणि टेबल विचारलं की माणसाला डोळ्यांवर येणारा दिवा आठवतो, डुगडुगणारा पाय आठवतो. या चिठ्ठ्या अर्ध्या तासात मोठ्यानं वाचल्या जातात, म्हणजे निघून गेलेल्यांनाही माइक मिळतो.

आभाराच्या भाषणात नावं घाईत जातात, म्हणून इथं कामं तरी लिहून ठेवायची आहेत. आदल्या रात्री टेबलं मोजून लावणारे. क्रमांकांचे स्टँड दोन्ही बाजूंनी छापणारे. नोंदणीवरचे चौघं. दिवसभर जेवायलाही न उठलेला स्कोअरकीपर. हेड जज आणि फ्लोअरवरचे सगळे जज, त्यातही मागच्या ओळींचा. स्लिपा गोळा करत पळणारी शाळकरी मुलं. वायरींवर चिकटपट्टी लावणारे दादा, त्यांच्यामुळे कुणी अडखळलं नाही. घरचा प्रिंटर आणि जादा शाई घेऊन येणारे. साउंडवाले. पाण्याचे पिंप भरत राहणाऱ्या मावशी, हॉल झाडणारे, दारावर बॅगा सांभाळणारे. ड्रॉप झालेल्यांसाठी बाजूच्या छोट्या स्पर्धा चालवणारे दोघं, ज्यांना मुख्य फेरीचं एक टेबलही पाहायला मिळालं नाही. नवख्यांना डेक उसनी देणारे. प्रथमोपचाराची पेटी घेऊन बसलेल्या ताई, सुदैवानं रिकाम्या. पायऱ्या चढता न येणाऱ्या खेळाडूंसाठी एक टेबल दिवसभर राखून ठेवणारा, आणि त्यांच्या जोड्या तिथंच लावायची आठवण दर फेरीला करणारा.

आणि हॉल बंद होण्याआधी प्रत्येक खुर्चीखाली वाकून पाहणारी ती दोन मुलं, ती राहून जायला नकोत. खाली पडलेलं कार्ड ती स्लीव्हसकट उचलतात आणि सोबतच्या कागदावर टेबलाचा क्रमांक लिहून डब्यात ठेवतात. फेऱ्यांच्या याद्या जपलेल्या असतात, त्यामुळे त्या टेबलावर दिवसभरात कोण कोण बसलं होतं ते काढून प्रत्येकाला विचारता येतं. डब्यातली बहुतेक कार्डं मागच्या ओळींतली असतात.